डोळ्यांतून धारा लागतात, तरी डॉक्टर ‘कोरडे’ का म्हणतात?

पत्र

माझ्या सासूबाई ६८ वर्षांच्या आहेत. आम्ही भांडुपला राहतो. त्यांच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन गणपतीच्या आधी उरकायचं ठरलं होतं. यांनी रजा टाकली, मेडिक्लेमची मंजुरी आली आणि ऐन वेळी डॉक्टर म्हणाले, डोळे कोरडे आहेत, तीन आठवडे थांबा. थेंब दिलेत, शेकायला सांगितलंय. पण त्यांच्या डोळ्यांतून तर सारखं पाणी येतं, रुमाल हातातून सुटत नाही. मग कोरडे कसे? लेन्सच्या मोजमापाचे दोन कागद आहेत. पहिल्यावर कॉर्नियाचा आकडा ४४.२५ आणि लेन्स २१.५, आठ दिवसांनंतरच्या कागदावर ४५.२५ आणि लेन्स २०.५. मशीन बिघडलंय का? नणंदबाई म्हणतात, दुसरीकडे शनिवारी लगेच करून देतात. डावा डोळा गेल्या वर्षी झाला, पण त्यात अजून खुपतं आणि सकाळी चांगलं दिसतं ते संध्याकाळी धूसर होतं. या खेपेला मल्टिफोकल घ्या, चष्मा सुटेल, असंही तिथल्या काउन्सेलर सांगतात. त्यांना शुगर आहे, बीपीची गोळी आहे, सर्दीसाठी रोज रात्री सेट्रिझीन घेतात. हल्ली तोंड इतकं कोरडं पडतं की भाकरी पाण्याच्या घोटाशिवाय उतरत नाही. तीन आठवडे थांबलो तर पितृपक्ष लागतो. काय करावं?

– एक वाचक, भांडुप

उत्तर

ताई, शनिवारची तारीख घेऊ नका. तुमच्या डॉक्टरांनी टाळाटाळ केलेली नाही. कागदावरचे दोन आकडे जुळत नाहीत हे त्यांच्या लक्षात आलं आणि ते थांबले. लेन्स एकदा डोळ्यात बसली की ती बदलणं हे दुसरं, आणि पहिल्यापेक्षा अवघड, ऑपरेशन असतं. त्यामुळे ती कितीची बसवायची हे आधीच नक्की व्हायला हवं.

आधी पाण्याचं कोडं सोडवू. डोळ्यावर अश्रूंचा एक अगदी पातळ थर कायम पसरलेला असतो. त्यात पाणी असतं, ते डोळ्याला धरून ठेवणारा चिकट भाग असतो, आणि सगळ्यांत वर तेलाचा पापुद्रा असतो. हे तेल पापण्यांच्या कडेला असलेल्या ग्रंथींतून येतं. वरच्या पापणीत अशा साधारण २५ ते ४० ग्रंथी असतात, खालच्या पापणीत २० ते ३०. वय वाढलं, पाळी गेली, पापण्यांच्या कडांना सूज आली की हे तेल घट्ट होतं. थंडीत खोबरेलाची बाटली थिजते ना, अगदी तसं. तेल नसलं की खालचं पाणी भराभर उडतं, डोळ्याचा पृष्ठभाग उघडा पडतो आणि चुरचुरतो. ती चुरचुर मेंदूला कळली की मोठी अश्रुग्रंथी एकदम भरभरून पाणी सोडते. ते पाणी गालावर ओघळतं, डोळ्यावर टिकत नाही. सासूबाईंचा रुमाल भिजतो तो यानं.

तरी एक गोष्ट विचारून घ्या: अश्रुवाहिनी तपासली का? नाकाकडच्या कोपऱ्यातल्या बारीक छिद्रातून सुईनं पाणी सोडून ते घशात उतरतं का, हे पाहतात. आपल्याकडे मोतीबिंदूच्या आधी ही तपासणी बहुतेक ठिकाणी होतेच, कारण नळी तुंबून तिथं पू साठलेला असेल तर ऑपरेशननंतर तो जंतुसंसर्ग डोळ्यात शिरू शकतो. फाइलमध्ये तिची नोंद असेल. नसेल तर करून घ्या.

आता ते दोन कागद. मशीन बिघडलेलं नाही. कॉर्निया, म्हणजे बुबुळावरचा काचेसारखा पडदा, किती गोलाकार आहे हे मोजताना मशीन त्यावर उजेडाचे ठिपके टाकतं आणि त्यांचं प्रतिबिंब वाचतं. हे प्रतिबिंब कॉर्नियावरचं नसतं, त्याच्यावरच्या ओल्या थरातलं असतं. घासून लख्ख केलेल्या स्टीलच्या ताटात ट्यूबलाइट सरळ दिसते. तेच ताट अर्धवट पुसून वाळवलं असेल तर ती तुटक, वाकडी दिसते. ट्यूबलाइट तीच असते, बदललेलं असतं ताट. थर जागोजागी फाटला असेल तर मशीन फाटलेल्या आरशातला आकडा छापून देतं, आणि चार दिवसांनी दुसराच देतं.

तुमच्या कागदांवर फरक पूर्ण १ डायॉप्टरचा (चष्म्याचा नंबर ज्यात मोजतात ते एकक) आहे. कॉर्नियाच्या मापात जेवढी चूक, साधारण तेवढाच नंबर ऑपरेशननंतर शिल्लक राहतो. लेन्स सहसा अर्ध्या अर्ध्या नंबराच्या टप्प्यांनी मिळते, म्हणजे तुमच्याकडे दोन टप्प्यांचा घोळ आहे. यातला कुठला कागद बरोबर, असं विचारलंत तर आमचं उत्तर: सध्या एकही नाही. दोन्हींची सरासरी काढून मधली २१ ची लेन्स घालू, असं कोणी सुचवलं तरी ऐकू नका. दोन चुकीच्या आकड्यांच्या मध्ये बरोबर आकडा सापडेलच असं नसतं.

हे फक्त सासूबाईंच्या बाबतीत घडलंय असंही नाही. अमेरिकेत मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आलेल्या १३६ जणांची तपासणी २०१७ साली प्रसिद्ध झाली. तीनचतुर्थांशांहून अधिक डोळ्यांत कॉर्नियाच्या पृष्ठभागावर कोरडेपणाचे डाग होते, पण डोळे कोरडे असल्याचं निदान त्याआधी फार थोड्यांचं झालं होतं. निम्म्याहून अधिक लोकांची डोळ्यात कचरा गेल्यासारखं वाटण्याची तक्रारसुद्धा नव्हती. तपासल्याशिवाय हे कळत नाही, ते असं.

तपासतात ते असं. डोळ्यात फ्लुरोसीन नावाचा पिवळा रंग घालून निळ्या उजेडात पाहतात. पापणी मिटून उघडल्यापासून थरात पहिलं काळं भोक पडेपर्यंतचे सेकंद मोजतात. १० च्या खाली आलं तर शंका, ५ किंवा कमी आलं तर थर टिकतच नाही असं समजायचं. दुसरी तपासणी शर्मर नावाची. खालच्या पापणीत कागदाची पट्टी अडकवून ५ मिनिटं बसवतात. भूल न देता केलेल्या या चाचणीत पट्टी ५ मिलिमीटर किंवा त्याहून कमी भिजली तर पाण्याचाही तुटवडा आहे. या दोन आकड्यांची नोंद फाइलमध्ये मागून घ्या. तीन आठवड्यांनी फरक पडला की नाही, हे तुलनेला आकडा असल्याशिवाय कळणार नाही.

एक बारीक गोष्ट, जी गर्दीच्या ओपीडीत हमखास निसटते. लेन्सचं मोजमाप आधी, बाकी सगळं नंतर, असा क्रम हवा. पिवळा रंग, सुन्न करणारे थेंब, डोळ्याला टेकवून घेतलेलं प्रेशर, पट्टी, यांतलं काहीही आधी झालं तर पृष्ठभाग बिघडतो आणि आकडा हलतो. म्हणून पुढच्या वेळी टेक्निशियनला सरळ सांगा, ‘आज आधी मोजून घ्या, कारण मागचे दोन आकडे जुळले नव्हते.’ मोजण्याआधी निदान तासभर डोळ्यात कुठलाही थेंब नको, आणि आदल्या रात्री जेल किंवा मलम लावायचं असेल तर ते चालेल का, हे डॉक्टरांना आधी विचारा. मोजताना सासूबाईंनी डोळा ताणून उघडा ठेवू नये. दोनदा सहज मिटावा, उघडावा, आणि त्याच क्षणी वाचन घ्यावं. दोन वेगळ्या दिवशी घेतलेले आकडे पाव-अर्ध्या डायॉप्टरच्या आत जुळले तर त्यावर विसंबता येईल.

आता हे तीन आठवडे नीट वापरा. नुसते थेंब टाकत बसलात तर तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी पुन्हा इथंच याल. तेल वितळायला हवं, आणि ते शेकानं वितळतं.

स्वच्छ, मऊ सुती रुमालाची चौघडी करा. पाणी मनगटाच्या आतल्या बाजूला सहन होईल इतकंच गरम घ्या. शुगरच्या रुग्णांना कातडीची जाणीव कमी असू शकते, म्हणून हाताला अंदाज तुम्ही घ्या, त्यांना विचारून भागणार नाही. रुमाल पिळून मिटलेल्या पापण्यांवर ठेवा. तो दीड-दोन मिनिटांत गार होतो, आणि इथंच बहुतेकांचं चुकतं: गार झालेला रुमाल आठ मिनिटं ठेवून ‘शेकलं’ म्हणतात. दोन रुमाल आलटून-पालटून वापरा, एकूण ८ ते १० मिनिटं. लगेच, तेल कोमट असतानाच, बोटाच्या टोकानं वरच्या पापणीवरून खाली आणि खालच्या पापणीवरून वर, पापण्यांच्या केसांच्या दिशेनं, हलकेच पाच-सहा वेळा फिरवा. डोळ्याच्या गोळ्यावर दाब नको. मग पापण्यांच्या कडा, जिथून केस उगवतात ती रेघ, मेडिकलमध्ये मिळणाऱ्या पापण्या पुसायच्या वाइप्सनी एकदा पुसून काढा. सकाळी चिपडं फार येत असतील, केसांच्या मुळाशी कोंड्यासारखी पुटं दिसत असतील तर डॉक्टरांना दाखवा, त्याचं औषध वेगळं असतं. हा कार्यक्रम दिवसातून दोनदा. डाव्या, झालेल्या डोळ्यालाही करायचा, पण त्याला वर्ष होऊन गेलंय तरी आधी डॉक्टरांना एकदा विचारून घ्या.

थेंब. साधे कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज ०.५ टक्के किंवा सोडियम हायलुरोनेट, दोन्ही चालतात. मात्र दिवसाला चारपेक्षा जास्त वेळा घालायचे असतील तर प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले घ्या. बऱ्याच बाटल्यांत बेंझाल्कोनियम क्लोराइड असतं. ते बाटलीतलं औषध टिकवतं, पण दिवसभर वारंवार पडलं की डोळ्याच्या पृष्ठभागालाच टोचतं. कोरडेपणासाठी दिलेलं औषध कोरडेपणा वाढवतं, अशी गत. एकेका वेळेच्या छोट्या प्लास्टिक व्हायल येतात. फोडलेली व्हायल तासा-दोन तासांत वापरून टाका, टोपण लावून ठेवलेली दुसऱ्या दिवशी पुन्हा वापरायची नाही. घालताना हात धुवा, खालची पापणी ओढून झोळी करा, एकच थेंब टाका, डोळा मिटून नाकाकडचा कोपरा बोटानं मिनिटभर धरा. दोन औषधांत ५ मिनिटांचं अंतर. जेल किंवा मलम सगळ्यात शेवटी, रात्री.

सौम्य स्टिरॉइडचे थेंब दिले असतील तर ते सूज उतरवण्यासाठी, दोन-तीन आठवड्यांपुरते आणि डॉक्टर सांगतील त्या हिशेबानं कमी करत न्यायचे. ते संपले की मेडिकलमधून परत परत आणायचे नाहीत. आपल्याकडे काउंटरवर सहज मिळतात हीच अडचण आहे. त्यांनी डोळ्याचं प्रेशर चढतं, काचबिंदूचा धोका असतो. सायक्लोस्पोरिनचे थेंब दिले तर सुरुवातीला चुरचुरतील आणि पूर्ण फायदा दिसायला काही महिने लागतील. तीन आठवड्यांत त्यांच्याकडून चमत्काराची अपेक्षा नको.

गुलाबपाणी, मध, तूप, एरंडेल, कोथिंबिरीचं पाणी यांपैकी काहीही नाही. ऑपरेशनच्या तोंडावर तर अजिबात नाही. डोळे लाल दिसतात म्हणून लाली घालवणारे थेंब आणायचे तेही नाहीत. औषध उतरलं की लाली दुप्पट येते.

घरात बघा. मुंबईत हवा दमट, मग कोरडेपणा कुठून, असं लोक विचारतात. हवा बाहेर दमट असते. सासूबाई झोपतात त्या खोलीत एसी चालू असेल, किंवा पंख्याचा झोत थेट तोंडावर असेल, आणि झोपेत पापणी पूर्ण मिटत नसेल, तर रात्रभर डोळा वाळतो. पंख्याचं तोंड पायांकडे फिरवा. रिक्षा आणि लोकलच्या खिडकीतल्या वाऱ्यासाठी बाजूनंही झाकणारा गॉगल द्या. मालिका बघताना माणूस पापण्या कमी मिटतो, म्हणून जाहिरात लागली की डोळे मिटून दहापर्यंत मोजायची सवय लावा. गणपतीत उदबत्ती आणि कापूर देव्हाऱ्याशी, त्या जरा लांब.

सेट्रिझीनबद्दल. सर्दीच्या या गोळ्यांनी पाणी आटतं, नाकातलं आणि डोळ्यांतलंही. ती रोज लागते का, दुसरा पर्याय आहे का, हे फॅमिली डॉक्टरांना विचारा. बीपीची गोळी मात्र स्वतःच्या मनानं बंद करू नका.

तुमच्या पत्रातलं भाकरीचं वाक्य आम्हाला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं. तोंड कोरडं पडण्याचं कारण शुगर किंवा सेट्रिझीनही असेल. पण डोळे आणि तोंड दोन्ही कोरडे, आणि सोबत सांधे दुखत, सकाळी आखडत असतील, तर जोग्रेन (शरीराची प्रतिकारशक्ती अश्रू आणि लाळेच्या ग्रंथींवरच उलटते तो आजार) किंवा संधिवाताची शंका घ्यावी लागते. रक्ततपासणी सांगतील. हे डोळ्यांच्या डॉक्टरांना ऑपरेशनच्या आधी कळायलाच हवं, कारण ऑपरेशननंतर सूज-दुखीसाठी नेपाफेनॅक, किटोरोलॅक, डायक्लोफेनॅक यांच्या जातीचे थेंब देतात. फार कोरड्या डोळ्यात, विशेषतः संधिवात असलेल्यांत, अशा थेंबांनी क्वचित कॉर्निया विरघळू लागल्याची उदाहरणं आहेत. क्वचित, पण झालं तर गंभीर. ‘भाकरी उतरत नाही’ हे डॉक्टरांसमोर त्यांनी स्वतः बोलू द्या. डोळ्यांच्या दवाखान्यात तोंडाबद्दल बोलायचं असतं हे कुणाच्या डोक्यात येत नाही.

डाव्या डोळ्याची एक साधी परीक्षा घरी करा. उजवा डोळा झाकून कॅलेंडरवरच्या तारखा वाचायला सांगा. धूसर झाल्यावर दोन-तीनदा पापण्या मिटल्या की क्षणभर स्पष्ट होतं आणि परत ओसरतं, असं असेल तर दोष बहुधा अश्रूंच्या थराचा. लेन्समागचा पडदा धूसर झाला असेल, ज्याला लेसर करतात, तर पापण्या मिटल्यानं फरक पडत नाही, धूसरपणा सारखाच राहतो. ‘सकाळी बरं, संध्याकाळी वाईट’ हे कोरडेपणाकडे बोट दाखवतं. कुणी घाईनं लेसर सुचवला तर आधी पृष्ठभाग नीट करू द्या, असं म्हणा. शुगर असल्यानं डोळ्याच्या आतला मागचा पडदा, म्हणजे रेटिना, तोही एकदा तपासून घ्या.

मल्टिफोकल. या लेन्स येणारा उजेड जवळ आणि लांब असा वाटून घेतात, म्हणून थोडा कॉन्ट्रास्ट आधीच जातो, आणि रात्री दिव्यांभोवती कडी दिसू शकतात. वरून थर फाटलेला असेल तर दोन तक्रारी एकमेकींवर चढतात आणि माणूस लेन्सला दोष देतो. डाव्या डोळ्यात साधी लेन्स आहे, आणि तो डोळा अजून स्थिर नाही. आमच्या मते सासूबाईंना साधी मोनोफोकल आणि वाचायचा चष्मा हेच बरं. चष्मा नाकावर असणं ही हार नाही. सिलिंडरसाठी (कॉर्निया सगळीकडे सारखा गोल नसल्यानं येणारा नंबर) टोरिक, म्हणजे तो नंबर घालवणारी लेन्स, सुचवली असेल तर ती वाईट नाही, पण तिचा कोन नक्की हवा. १ अंश चुकला की परिणाम साधारण ३ टक्क्यांनी उतरतो, ३० अंश चुकला तर फायदा शून्य. फाटलेल्या थरावर कोन मोजणं हे आकड्यापेक्षाही बेभरवशाचं असतं.

ऑपरेशन झाल्यावर कोरडेपणा आणखी वाढेल, याची तयारी ठेवा. कॉर्नियाला साधारण सव्वादोन ते पावणेतीन मिलिमीटरची चीर देताना तिथल्या बारीक नसा कापल्या जातात, जंतुनाशक आणि सूक्ष्मदर्शकाचा उजेड पृष्ठभागाला त्रास देतात, त्यात आठवडाभर दिवसाला सहा-सहा वेळा औषधं. बहुतेकांना पहिले काही आठवडे खुपतं आणि सुमारे तीन महिन्यांत ते ओसरतं. कोरडेपणाचे थेंब तेवढे दिवस चालू ठेवा. शेक आणि मालिश मात्र डॉक्टर परवानगी देईपर्यंत त्या डोळ्याला बंद. खुपणं वेगळं आणि हे वेगळं: दुखणं तासागणिक वाढतंय, लाली चढतेय, दृष्टी कमी होतेय, पिवळा स्राव येतोय, तर कोरडेपणा म्हणून थेंब टाकत न बसता त्याच दिवशी, रविवार असला तरी, डॉक्टर गाठा.

आणि आत्ता, ऑपरेशनची वाट पाहताना, उजवा डोळा अचानक लाल होऊन फार दुखला, उलटी झाली, नजर एकदम गेली, तर हे तीन आठवडे रद्द. मोतीबिंदू फुगून प्रेशर चढल्याची ती लक्षणं असतात, तेव्हा तासाचाही उशीर नको. एरवी मोतीबिंदू तीन आठवड्यांनी बिघडत नाही.

राहिला पितृपक्ष. डोळ्याला त्यानं काही फरक पडत नाही. पण सासूबाईंच्या मनाला पडत असेल तर वाद घालू नका, नवरात्रात तारीख घ्या. फक्त मधल्या दिवसांत शेक आणि थेंब सोडू नका, आणि ऑपरेशनच्या आदल्या आठवड्यात कॉर्नियाचं माप पुन्हा एकदा घ्यायला लावा. मेडिक्लेमची मंजुरी किती दिवस चालते ते टीपीएला (विमा कंपनीच्या वतीनं मंजुरी आणि दावे पाहणारी संस्था) आजच फोन करून विचारा. तारीख बदलली की बऱ्याचदा नवी मंजुरी लागते आणि ते ॲडमिशनच्या काउंटरवर कळतं.